बाल्कनीतला सोलर सारखा बंद पडतोय? इन्व्हर्टर बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. स्टुटगार्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी, कठड्याला बाहेरून सरळ उभी बांधलेली ४३० वॅटची दोन पॅनल, ८०० वॅटचा मायक्रोइन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणारी एसी करणारी छोटी पेटी) आणि बाल्कनीतल्याच शुको, म्हणजे जर्मनीतल्या नेहमीच्या घरगुती सॉकेटमध्ये लावलेला प्लग. तक्रारी तीन. पाऊस झाला की घरातला एफआय, म्हणजे वीज गळली की सर्किट तोडणारा सुरक्षा स्विच, पडतो. जूनच्या लख्ख उन्हातही ॲपमध्ये ३७०-३८० वॅटच्या वर आकडा जात नाही. आणि रविवारी भर दुपारी उत्पादन एकदम शून्य होतं, काही मिनिटांनी आपोआप परत सुरू होतं. विक्रेता म्हणतो, इन्व्हर्टर गेला, नवीन घ्या.

मला हे पटत नाही. तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी म्हणजे एका बिघडलेल्या इन्व्हर्टरची तीन लक्षणं नव्हेत. तीन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची कारणं वेगळ्या जागी आहेत, आणि त्यातला मधला तर बिघाडच नाही. इन्व्हर्टर बदलून पहिला आणि तिसरा त्रास बहुधा तसाच राहील.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत: इमारतीचं वायरिंग किती जुनं आहे, बाल्कनीच्या सर्किटवर आणखी काय चालतं, एफआय किती जुना आहे, इन्व्हर्टरचं मॉडेल कोणतं. म्हणून निदान देण्यापेक्षा एकेक शक्यता कशी बाद करायची ते सांगतो. दोष कोणत्या बाजूला आहे हे आधी ठरवायचं: पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी बाजू, इन्व्हर्टरपासून सॉकेटपर्यंतची एसी बाजू, की सॉकेटच्या पलीकडचं घराचं वायरिंग आणि ग्रिड, म्हणजे बाहेरचं वीजजाळं. बाजू ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

हात लावण्याआधी क्रम पक्का करा. नेहमी आधी भिंतीतला प्लग काढायचा. ग्रिड गेलं की इन्व्हर्टर क्षणार्धात थांबतो, पॅनलमधून येणारा करंट शून्य होतो, आणि मगच पॅनलच्या डीसी वायरींचे एमसी-४ कनेक्टर सोडवायचे. उलट केलंत, म्हणजे चालू स्थितीत डीसी कनेक्टर ओढलात, तर १०-१२ अँपिअरचा डीसी करंट तुटताना ठिणगी पडते. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी चटकन विझते. डीसीचं तसं नसतं. कनेक्टरच्या आतली पिन जळते, वरून काही दिसत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच जागा तापायला लागते. जोडताना याच्या उलट: आधी डीसी, शेवटी भिंतीतला प्लग. आणि हे सगळं बाल्कनीच्या कठड्यावर वाकून करायचं आहे, तेव्हा पॅनल सैल करायची वेळ आली तर दुसरा माणूस सोबत हवाच.

आता पहिली तक्रार, कारण जिवाशी संबंध याच एकीचा आहे.

जर्मनीत ज्याला एफआय म्हणतात तोच आपल्याकडचा आरसीसीबी, ज्याला बरेच इलेक्ट्रिशियन अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे काही भाग अर्थिंगमध्ये किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की तो पडतो. घरगुती एफआय ३० मिलिअँपिअरचा असतो, पण प्रत्यक्षात १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो; मानकात तशी मुभाच आहे. यातून दोन गोष्टी निघतात. पावसात पडतो म्हणजे कुठेतरी पाणी गळतीची वाट करून देतंय. आणि त्याच एफआयवर डिशवॉशर, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर असतील तर त्यांच्या फिल्टरमधून होणारी थोडीथोडी नेहमीची गळती आधीच ८-१० मिलिअँपिअर झालेली असू शकते, मग सोलरची किरकोळ भरही पुरते.

म्हणून नोंद कशाची करायची? एफआय पडला ती वेळ. रात्री पाऊस पडत असताना पडला का, की पावसानंतर सकाळी ऊन आल्यावर? यावर निम्मं निदान होतं. रात्री पॅनल काही देत नाहीत, पण इन्व्हर्टरची एसी वायर, तिचा कनेक्टर आणि इन्व्हर्टरच्या तोंडाशी असलेला फिल्टर या सगळ्यांवर ग्रिडचे २३० व्होल्ट रात्रभर असतात. तेव्हा रात्री पडला तर पॅनलचा संबंध नाही. पाणी एसी बाजूलाच शिरलंय.

ऊन चढतानाच पडत असेल तर दोन शक्यता. एक, इन्व्हर्टरच्या आतच दोष आहे आणि तो ग्रिडला जोडून घेतो त्या क्षणी गळती सुरू होते. दुसरी शक्यता बरेच जण विसरतात: कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग ओलाव्यामुळे एकमेकांना टेकलेत. या दोघांत व्होल्टेजचा फरक जवळपास नसतो, त्यामुळे करंट वाहत नाही तोवर एफआय गप्प राहतो. इन्व्हर्टर दोन-तीन अँपिअर ढकलायला लागला की त्यातला थोडा भाग न्यूट्रल सोडून अर्थिंगमधून जातो आणि एफआय पडतो. ऊन असलं की पडतो, ढग आले की टिकतो, असं दिसतं; लोक दोष इन्व्हर्टरला देतात आणि खरा दोष ओल्या सॉकेटमध्ये असतो.

तपासायची पद्धत अशी. पुढच्या पावसात, एफआय पडल्यावर, सोलरचा प्लग भिंतीतून काढा आणि एफआय वर करा. प्लग बाहेर असूनही पडला तर पाणी सॉकेटमध्ये किंवा भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. तिथे तुम्ही काही करायचं नाही; घरमालकाला लेखी कळवा. वायरिंग त्याचं आहे आणि दुरुस्ती परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायची आहे. एफआय टिकला तर सॉकेट कोरडं आहे का, पिनांवर पाण्याचे थेंब आहेत का ते बघा आणि तसं असेल तर पुढे जाऊ नका. कोरडं असेल तर पॅनलचे चारही डीसी कनेक्टर इन्व्हर्टरपासून सोडवा, त्यांची तोंडं टोपणांनी बंद करा, इन्व्हर्टरला फक्त एसी वायर राहू द्या आणि प्लग परत लावा. आता पडला तर एसी कनेक्टर किंवा इन्व्हर्टर. टिकला, आणि डीसी जोडून ऊन आल्यावरच पडला, तर वर सांगितलेल्या दोन शक्यतांपैकी एक.

एक गोष्ट मात्र करू नका: एसी वायर इन्व्हर्टरपासून सोडवून नुसती वायर भिंतीत लावून बघणं. दुसऱ्या टोकाला उघड्या कनेक्टरमध्ये २३० व्होल्ट असतात आणि तुम्ही ओल्या बाल्कनीत उभे असता. ती चाचणी इलेक्ट्रिशियन मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून करेल. वायर दोन्ही टोकांनी मोकळी करून ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजतात. किमान १ मेगाओम हवं, पण धडधाकट नवी वायर शेकडो मेगाओम दाखवते. दोन-तीन मेगाओम दाखवणारी वायर नियमात बसते, तरी आत ओल शिरल्याची ती खूण आहे.

माझा पहिला संशय इन्व्हर्टरच्या एसी कनेक्टरवर आहे, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर. हा गोल, तीन पिनांचा कनेक्टर पूर्ण बसून लॉक झाल्यावरच पाणबंद असतो. अर्धवट बसला तरी विजेचा संपर्क होतो, उत्पादन सुरू होतं, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. रबरी सील मात्र दबलेलं नसतं. प्लग काढून तो उघडा आणि उजेडात पिना बघा. पितळेचा रंग स्वच्छ दिसला तर ठीक. हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर पाणी आत जाऊन बरेच दिवस झालेत. असा कनेक्टर घासून, स्प्रे मारून वापरायचा नाही. वायर कनेक्टरसकट बदलायची, आणि इन्व्हर्टरच्या बाजूच्या पिनांवरही थर असेल तर तो वॉरंटीचा विषय. काही इन्व्हर्टरना दोन एसी तोंडं असतात, दुसरं पुढचा इन्व्हर्टर जोडण्यासाठी. त्या मोकळ्या तोंडावर कंपनीने दिलेलं टोपण घट्ट बसवलेलं असलं पाहिजे. ते खोक्यातच राहून गेलेलं असणं हे पावसात एफआय पडण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

वायर कनेक्टरमध्ये वरून खाली उतरत असेल तर पाणी वायरवरून ओघळत थेट सीलवर येतं. वायरला कनेक्टरच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तळाशी गळून पडेल. कनेक्टर कठड्याच्या तळाशी, जिथे पाणी साचतं तिथे, पडू देऊ नका. ऊन न लागणाऱ्या बाजूला टायने बांधा. बाल्कनीच्या सॉकेटचं झाकण प्लग लावल्यावर नीट खाली बसतं का तेही बघा. बऱ्याच बाहेरच्या सॉकेटचा पाण्यापासूनचा बचाव झाकण बंद असतानाच पूर्ण असतो, आणि सोलरचा प्लग तर वर्षभर तिथेच असतो.

एफआयच्या प्रकाराबद्दल लोक गोंधळतात, म्हणून एवढंच: घरात सहसा टाइप ए असतो आणि आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या, म्हणजे डीसी आणि एसी बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणाऱ्या मायक्रोइन्व्हर्टरना तो चालतो. तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. एफआयला बायपास करणं, किंवा तो सारखा पडतो म्हणून सोलरला एफआय नसलेल्या सर्किटवर हलवणं, हा उपाय नाही. कुणी सुचवला तर ऐकू नका.

दुसरी तक्रार: ८६० वॅटची पॅनल आणि जूनमध्ये ३७० वॅट. इथे आधी हिशेब करू. स्टुटगार्टच्या अक्षांशावर २१ जूनला सूर्य माध्यान्ही क्षितिजापासून साधारण ६४ ते ६५ अंश वर असतो. तुमची पॅनल सरळ उभी आहेत, म्हणजे ऊन त्यांच्या काचेवर जवळजवळ वरून घसरत जातं. थेट उन्हाचा जेमतेम ४३ टक्के भाग त्यांना मिळतो. आकाशाचा आणि जमिनीवरून परतलेला उजेड धरून काचेवर पडतं ते सगळं मिळून दर चौरस मीटरला ५०० वॅटच्या आसपास, आणि पॅनलचे ४३० वॅट मोजलेले असतात १००० वॅटला, २५ अंश तापमानाला. म्हणजे दोघांचे मिळून ४३० वॅट. त्यातून तापलेल्या पॅनलचा आणि इन्व्हर्टरचा तोटा वजा केला की ३७०-३८० वरच येतो. तुमची सिस्टीम जे द्यायला हवं ते देते आहे.

याच पॅनलला मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्य ४१ अंशांवर असताना थेट उन्हाचा ७५ टक्के भाग मिळेल, आणि थंड हवेत तेव्हा ५५० ते ६०० वॅट दिसले तर नवल नाही. उभ्या पॅनलचा जोर वसंतात आणि शरदात असतो. शिवाय उन्हाळी वेळेमुळे स्टुटगार्टला जूनमध्ये माध्यान्ह घड्याळात दुपारी १ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास होते. बारा वाजताचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. पॅनलचा खालचा भाग बाहेर काढून २० अंशांचा कल दिलात तर जूनमध्ये थेट उन्हाचा भाग ४३ वरून ७१ टक्क्यांवर जातो. पण मग वाऱ्याचा जोर वेगळ्या प्रकारे बसतो, आणि पॅनलच्या खाली फुटपाथ आहे. कल देणारे ब्रॅकेट त्या कठड्यासाठी आणि त्या उंचीसाठी बनवलेले असतील तरच लावा, आणि घरमालकाला कळवून.

एकूण आकडा बरोबर असला तरी दोन पॅनल आपापसांत सारखी आहेत का ते बघायला हवं. ॲपमध्ये दोन्ही इनपुट, म्हणजे इन्व्हर्टरला प्रत्येक पॅनल जोडायची जागा, वेगवेगळे दिसतात. १८५ आणि १८५ असतील तर विषय संपला. २५० आणि १२० असतील तर वरच्या मजल्याच्या स्लॅबची किंवा झाडाची सावली आहे का ते दिवसातून दोन-तीनदा बघा. पॅनलच्या आत सेल तीन गटांत असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड असतो, जो सावलीतल्या गटाला वगळून करंट पुढे जाऊ देतो. पॅनल आडवं लावलेलं असेल आणि वरच्या लांब कडेवर स्लॅबच्या सावलीची पट्टी पडली, तर एक गट बाजूला पडतो आणि उत्पादन दोन-तृतीयांशावर येतं, सावली हातभरच असली तरी.

सावली नसताना फरक राहिला तर अदलाबदल करा. प्लग काढा, पॅनल १ ची जोडी इनपुट २ ला आणि पॅनल २ ची इनपुट १ ला लावा. कमी आकडा पॅनलबरोबर दुसऱ्या इनपुटवर गेला तर दोष पॅनलमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. कमी आकडा त्याच इनपुटवर राहिला तर इन्व्हर्टर, आणि मग विक्रेता बरोबर. या एका चाचणीला दहा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत, आणि वॉरंटीच्या पत्रात हिच्यासारखा दुसरा पुरावा नाही.

दोष पॅनलकडे निघाला तर साधा मल्टिमीटर पुरे. डीसी व्होल्टेजच्या २०० च्या रेंजवर ठेवून सुट्या पॅनलच्या दोन कनेक्टरमध्ये मोजा. ४३० वॅटच्या बहुतेक पॅनलचं मोकळं व्होल्टेज २५ अंशांना ३८-३९ असतं, उन्हात तापल्यावर ३४-३५. त्याऐवजी २३-२४ आलं तर एक बायपास डायोड कायमचा शॉर्ट झालाय, म्हणजे एक-तृतीयांश पॅनल गेलं. शून्य आलं तर कनेक्टरमधली पिन मागे सरकलेली असते किंवा क्रिंप, म्हणजे पिन वायरवर दाबून बसवलेला जोड, सुटलेला असतो. आकडा उणे आला तर ध्रुव उलटे आहेत. मल्टिमीटरने करंट मोजायला जाऊ नका. घरगुती मीटरची रेंज सहसा १० अँपिअर असते आणि या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट १३-१४ अँपिअर असतो.

अदलाबदल करताना दोन पॅनल चुकून एकामागे एक, म्हणजे सीरिजमध्ये, एकाच इनपुटला जोडू नका. या इन्व्हर्टरच्या इनपुटची कमाल मर्यादा सहसा ६० व्होल्ट असते. दोन पॅनल सीरिजमध्ये ७७ व्होल्ट देतात, आणि कडाक्याच्या थंडीत त्याहून सात-आठ टक्के जास्त. इन्व्हर्टर लागलीच मरतो आणि वॉरंटीही जाते, कारण कमाल व्होल्टेजची नोंद तो स्वतःच ठेवू शकतो.

तिसरी तक्रार मला सगळ्यात बोलकी वाटली, कारण तुम्ही ‘रविवारी’ असं लिहिलंत. उत्पादन कसं पडतं यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. सावलीने एकच इनपुट पडतो. इन्व्हर्टर तापला तर आकडा हळूहळू खाली येतो आणि तिथेच राहतो, शून्य होत नाही. वायफाय तुटला तर ॲपमध्ये पोकळी दिसते, पण उत्पादन चालूच असतं. शंका असेल तर वीज मोजणारा मधला प्लग लावून बघा. आणि दोन्ही इनपुट एका क्षणात शून्य, मग मिनिटभर किंवा जास्त शांतता, मग पायरीपायरीने वाढणारं उत्पादन, हे ग्रिडवरून सुटल्याचं चित्र आहे.

जर्मनीतल्या नियमाप्रमाणे इन्व्हर्टरने दहा मिनिटांच्या सरासरीने व्होल्टेज २५३ च्या वर गेलं, म्हणजे २३० च्या ११० टक्क्यांवर, की ग्रिडपासून सुटायचं असतं. परत जोडण्याआधी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किमान ६० सेकंद मर्यादेत आहेत हे बघायचं असतं. रविवारी कारखाने आणि ऑफिसं बंद, गल्लीतल्या सगळ्या छतांवरचे सोलर जोरात, वापर कमी: ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या टोकाला व्होल्टेज चढतं. तुमचा इन्व्हर्टर नियमाप्रमाणे वागतोय. बिघडलेला इन्व्हर्टर वार बघून बंद पडत नाही.

तरी ग्रिडला दोष देण्याआधी स्वतःच्या घराचा वाटा काढा. ८०० वॅट म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटर बोर्डापासून बाल्कनीपर्यंत २५ मीटर असेल तर जाऊन-येऊन रोध सुमारे ०.६ ओम, आणि त्यावर २ व्होल्ट चढतात. तुमच्या ३८० वॅटला एकच व्होल्ट. म्हणजे वायरिंग धड असेल तर घराचा वाटा नगण्य. पण सॉकेटच्या मागे किंवा मधल्या जंक्शन बॉक्समध्ये एक स्क्रू सैल असेल आणि तिथे १ ओम रोध तयार झाला असेल, तर साडेतीन अँपिअरला आणखी साडेतीन व्होल्ट चढतात आणि त्या चिमुकल्या जागेत १२ वॅट उष्णता तयार होते, रोज, तासन्तास. प्लास्टिक पिवळं पडायला आणि पुढे वितळायला तेवढं पुरतं.

हे ओळखायला सॉकेटमध्ये मीटरच्या सुया खुपसायची गरज नाही. वीज मोजणारा प्लग मधे लावा. उन्हात ३५० च्या वर उत्पादन चालू असताना व्होल्टेज वाचा, ॲपमधून इन्व्हर्टर थांबवा, लगेच परत वाचा. असं चार-पाच वेळा करा, कारण ग्रिडचं व्होल्टेज स्वतःही हलत असतं. फरक एक-दीड व्होल्ट आला तर घर निर्दोष. चार-पाच आला तर कुठेतरी लूज कनेक्शन आहे. तासभर चांगलं उत्पादन झाल्यावर प्लग काढून त्याच्या पिना कोमटपेक्षा गरम लागतात का, सॉकेटवर तपकिरी डाग किंवा जळका वास आहे का तेही बघा. यातलं काहीही आढळलं तर त्या सॉकेटमध्ये सोलर लावणं त्याच दिवशी थांबवा. मधे एक्स्टेंशन बोर्ड किंवा वायरचं गुंडाळलेलं रीळ असेल तर तेही काढा. प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवा.

घरचं वायरिंग निर्दोष आणि तरी ॲपमध्ये २५३ च्या पुढचे आकडे दिसत असतील तर वेळ आणि व्होल्टेज असलेले स्क्रीनशॉट घेऊन वीजजाळं चालवणाऱ्या कंपनीला, म्हणजे नेट्झबेट्राइबरला, कळवा. व्होल्टेज मर्यादेत ठेवणं ही त्यांची जबाबदारी आहे. त्याआधी मार्क्टश्टामडाटेनरेगिस्टरमध्ये, म्हणजे वीज तयार करणाऱ्या संचांच्या सरकारी नोंदवहीत, तुमची नोंद झालेली आहे ना ते बघा. चालू केल्यापासून महिनाभरात ती करायची असते. मे २०२४ पासून वेगळी सूचना नेट्झबेट्राइबरला द्यावी लागत नाही, पण नोंद नसताना तक्रार करणं योग्य नाही. तात्पुरता उपाय म्हणून इलेक्ट्रिशियनकडून बाल्कनीचं सर्किट कमी व्होल्टेज असलेल्या फेजवर हलवून घेता येतं. फेज बदलल्याने बिलात तोटा होत नाही, जर्मनीतले मीटर तिन्ही फेजची बेरीज-वजाबाकी करून मोजतात. इन्व्हर्टरची देशाची सेटिंग बदलून व्होल्टेजची मर्यादा वाढवायचा सल्ला इंटरनेटवर मिळेल. तो पाळलात तर इन्व्हर्टर जर्मनीत वापरायला बेकायदेशीर ठरतो, आणि वाढलेलं व्होल्टेज तुमच्या फ्रिजपासून शेजाऱ्याच्या टीव्हीपर्यंत सगळ्यांना सोसावं लागतं.

प्लग काढल्यावर पिनांमध्ये वीज राहते का, हा प्रश्न तुमच्या पत्नीने विचारलाय असं तुम्ही शेवटी लिहिलंत. योग्य प्रश्न आहे. नियमात बसणारा इन्व्हर्टर सेकंदाच्या पाचव्या भागात सुटतो, त्यामुळे हात लागेपर्यंत पिनांवर काही नसतं. पण हे काम आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, करतो, आणि २०२३ मध्ये बाजारात असेही इन्व्हर्टर आले होते ज्यांत तो रिले नव्हताच. नंतर बाहेरून रिलेचा डबा जोडून द्यावा लागला. तुमचा जुन्या साठ्यातला असेल तर अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे तो नियमात बसतो याचा दाखला, विक्रेत्याकडून मागून घ्या. ते मिळेपर्यंत लहान मुलं बाल्कनीत असताना प्लग काढू नका.

खाली एकाने विचारलंय की असाच संच पुण्याला नेऊन घरच्या सॉकेटमध्ये लावला तर? लावू नका. महाराष्ट्रात ग्रिडला जोडायचा सोलर महावितरणकडे अर्ज करून, नेट मीटर बसवूनच जोडायचा असतो. साधे एकदिशा डिजिटल मीटर बऱ्याचदा बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात, म्हणजे बिल उलट वाढतं. अनेक जुन्या घरांत आरसीसीबी नसतो आणि अर्थिंगचा भरवसा नसतो. आणि ज्या कारणासाठी हा विचार मनात येतो, लाइट गेल्यावर पंखे चालावेत म्हणून, ते तर होणारच नाही. ग्रिड गेलं की हा इन्व्हर्टर बंद होतो, भर उन्हातसुद्धा.

तुमच्यासाठी कामाचा क्रम: आज एसी कनेक्टर आणि मोकळ्या तोंडाचं टोपण, उद्या उन्हात व्होल्टेजचा फरक, आणि इनपुटचे आकडे वेगळे असतील तर अदलाबदल. विक्रेत्याला उत्तर देताना ‘चालत नाही’ असं लिहू नका. अदलाबदलीआधीचे आणि नंतरचे दोन्ही इनपुटचे वॅट, बंद पडण्याच्या वेळचं व्होल्टेज, इन्व्हर्टरच्या दिव्याचा रंग आणि किती वेळा लुकलुकतो ते, आणि कनेक्टरच्या पिनांचा जवळून काढलेला फोटो पाठवा. यात इन्व्हर्टरचा दोष दिसला तर तो त्याने वॉरंटीत बदलून द्यायचा आहे, तुम्ही नवीन विकत घ्यायचा नाही.